पाकिटातलं बाळ

‘तुझं बाळ मंगळवारी दुपारी आमच्याकडे दगावलं. सगळ्यांनाच वाईट वाटलं. जमेल तितक्या लवकर दुसरा तुकडा पाकिटात घालून पाठव.’

तिने हे तीनदा वाचलं. मांडीवर आठ महिन्यांचं पिल्लू तोंड घट्ट मिटून बसलं होतं आणि शिजवलेल्या ओट्सचा चमचा तिच्या हातात अधांतरी राहिला होता. चमच्यातला थेंब पत्रावर पडला. तो तिने बोटाने पुसला, त्याच बोटाने पिल्लाची हनुवटी पुसली, मग आठवलं की पत्र तीस वर्षांपूर्वीचं, त्यावर काय काय बसलं असेल. म्हणून उठून पिल्लाचं तोंड धुतलं, स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले आणि परत येऊन चौथ्यांदा वाचलं. दुसरा तुकडा.

पत्र इंग्रजीत होतं, टाइप केलेलं. त्यात आपला असा एकच शब्द, तोही इंग्रजी अक्षरांत बसवलेला, त्यामुळे ळचा ल झालेला. ‘बाल’. लहानपणापासून ती तो शब्द मनातल्या मनात दुरुस्त करून वाचत आली होती.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. जन्मभर ते एका विद्यापीठात जीवशास्त्र शिकवत होते आणि परदेशातल्या चार ठिकाणच्या चार माणसांबरोबर मिळून संशोधन करत होते. शनिवारी दुपारी चार वाजता ती चारही माणसं संगणकाच्या पडद्यावर जमून बाबांच्या आठवणी सांगणार होती, आणि घरच्यांच्या वतीने दहा मिनिटं तिने बोलायचं होतं. आज गुरुवार. भाषण लिहून तयार होतं. उगाच आणखी एखादा चांगला उतारा मिळतो का म्हणून तिने पत्रांची फाइल पुन्हा काढली, तळाचं आजवर न वाचलेलं पत्र उघडलं आणि नसती आफत ओढवून घेतली.

भाषणाचा गाभाच तो शब्द होता. बाबा घरी मोजून बोलायचे. ‘जेवलीस?’ ‘दिवा घालव.’ ‘पेन्सिल कुणी घेतली?’ एवढ्यावर आठवडा निघायचा. दहा वर्षांची असताना तिने त्यांच्या टेबलाचा खालचा खण गुपचूप उघडला, आणि शाळेत नुकत्याच आलेल्या इंग्रजीच्या जोरावर वरची चार-पाच पत्रं बोट ठेवून वाचली. बाळ कसं आहे? नीट खातं ना? फार उजेडात ठेवू नकोस. आमच्याकडे सगळे त्याची चौकशी करतात. या महिन्यात बाळ किती सेंटिमीटर वाढलं ते कळव. शास्त्रज्ञ लोक, म्हणून सेंटिमीटर, असं तिने धरलं. आणि बाळाला ‘इट’ का म्हणतात, तर इंग्रजीत तान्ह्या मुलाला तसंच म्हणतात असं शाळेतल्या बाईंनी सांगितलेलंच होतं. त्या दिवसापासून तिच्या पोटात एक ऊब होती. स्नेहसंमेलनाला बाबा आले नाहीत, निकालाच्या दिवशी ‘बरं’ म्हणून वर्तमानपत्रात डोकं घातलं, लग्नात पाहुण्यांशी बोलायचं सोडून कोपऱ्यात कुणाचा तरी प्रबंध तपासत बसले, तरी तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. तोंडावर बोलत नसतील, पण चार देशांत माझ्याबद्दल लिहितात. त्याशिवाय का लोक विचारतात?

आता हे लोक तिच्या जागी दुसरा तुकडा मागत होते.

भाषण एक वेळ फाडून टाकता येईल, पण त्या एकेचाळीस पत्रांत ती कुठेच नसेल तर? ज्यांच्यापाशी बाबा मोकळं बोलत होते, त्या माणसांना आपल्याला एक मुलगी आहे एवढं तरी त्यांनी सांगितलं होतं का? आणि शनिवारी समोर बसणार होती ती हीच पत्रं लिहिणारी माणसं. त्यांच्यापुढे त्यांच्याच ओळी वाचून ती म्हणणार होती, तुम्ही माझी किती काळजी केलीत. नुसत्या विचारानेच तिचे कान तापले.

पिल्लाने चमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. सकाळपासून दोन चमचे. तिने भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ‘२’ लिहिलं.

दुपारी तिने दादाला फोन लावला. दादा म्हणजे बाबांचा जुना विद्यार्थी, त्या काळी त्यांच्या प्रयोगशाळेत पडीक असायचा. आता त्याच विभागाचा प्रमुख झाला होता आणि शनिवारची बैठक त्यानेच जमवली होती. तिने आडवळणाने सुरुवात केली, की बाबांच्या पत्रांत एक शब्द येतो. दादाने तो ऐकला आणि आधी गडगडून हसला, मग त्याचं हसू ओसरलं.

“म्हणजे तुला ठाऊक नव्हतं?” तो म्हणाला. “अगं, सगळ्या विभागाला ठाऊक आहे. उद्या ये. दाखवतो.”

शुक्रवारी सकाळी ती पिल्लाला झोळीत बांधून निघाली. बरोबर दोन लंगोट जास्तीचे, उकळलेलं पाणी, तापमापक, आणि मऊ केलेलं गाजर एका डबीत. नवरा म्हणाला, अगं, दोन तासांसाठी चाललीयेस की बिऱ्हाड हलवतेयस. ती हसली नाही. विभागाच्या जिन्यात तिने पिल्लाला कठड्याला हात लावू दिला नाही, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी उभं राहून आधी विचारलं की आत वास कसला येतोय.

“ओट्सचा,” दादा म्हणाला.

त्याने एका अंधाऱ्या कपाटातून काचेची चपटी बशी काढली आणि टेबलावर ठेवली. बशीत एक पिवळं काही पसरलं होतं. हळदीच्या हाताचा ठसा उमटावा तसं, पण त्याला शिरा होत्या, शिरांना फाटे होते आणि फाट्यांच्या टोकाला ओट्सचे दोन दाणे त्याने मिठीत घ्यावेत तसे वेढले होते.

“हे घे. तुझं धाकटं भावंड,” दादा म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याने विनोद तिथेच आवरता घेतला आणि शिकवायच्या आवाजात सांगू लागला. लोक याला बुरशी म्हणतात, पण बुरशी नव्हे. झाड नाही, प्राणी नाही. एवढं पसरलेलं दिसतं ते सगळं मिळून एकच पेशी. मेंदू नाही, तरी खाणं कुठे आहे ते शोधत सरकतं. चार तुकडे केले तर चारही जगतात. पाणी तोडलं की वाळून कागदावर खपली होऊन बसतं, वर्षानुवर्षं तसंच राहतं. एक थेंब पाणी दिलं की पुन्हा जागं. सरांनी हे जंगलातल्या एका कुजक्या ओंडक्यावरून आणलं, वाढवलं आणि त्याचे तुकडे परदेशातल्या चौघांना पाठवले. नळ्या नाहीत, खोकी नाहीत. गाळणीच्या कागदावर वाळवायचं, कागदाची घडी घालायची, साध्या पाकिटात पत्राबरोबर. ही युक्ती त्या चौघांतल्या एका बाईंची, म्हणून सर त्यांना ‘पाकीटवाल्या बाई’ म्हणायचे. कुणाकडचं मेलं की दुसऱ्याकडून पाकीट जायचं. सर म्हणायचे, चार घरांत एक बाळ आहे, कुठे ना कुठे जिवंत राहीलच.

“पण बाळ का?”

“ते मी यायच्या आधीपासूनचं. विचारायची छाती कुणाची होती? आणि गंमत ऐक. त्या चौघांना हा शब्द आहे हेच माहीत नाही. त्यांना वाटतं ते कसलंतरी लघुरूप आहे. छापताना तीन मोठ्या अक्षरांत छापतात. त्यांच्यातल्या एका विद्यार्थ्याने तर तीन अक्षरांचे तीन शब्द काढून दाखवले, ‘मोठी, आक्रमक, लांबणारी जात’ असं काहीतरी. सरांनी ते वाचलं आणि दिवसभर खुशीत होते. दुरुस्त मात्र केलं नाही.”

बशीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती. बाबांचं अक्षर, बारीक, उजवीकडे कललेलं. ‘दोन दाणे. सकाळी नऊ. रविवारीही.’ दर रविवारी सकाळी बाबा ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडायचे. ती दारात उभी राहून मीही येऊ का विचारायची, आणि ते म्हणायचे, तिथे तुझं काय काम.

तर इथे यायचे. हे नीट खातंय ना ते बघायला.

तिच्या झोळीतल्या जिवाने सकाळपासून काही म्हणजे काही खाल्लं नव्हतं. तिला त्या पिवळ्या पसाऱ्याचा असा राग आला की तिने हात मागे बांधून घेतले. तेहतीस वर्षांची बाई, पदवीधर, एका लेकराची आई, आणि बशीतल्या चिकट्याचा हेवा करते. मग तिने विचारायचं ते विचारलं. बाबा त्या चौघांशी तिच्याबद्दल कधी बोलले होते का.

दादाने बशी उचलून कपाटात ठेवली, दार लावलं, पुन्हा उघडून तापमान पाहिलं. खरं सांगायचं तर सर विभागात घराचं नाव काढत नसत, तो म्हणाला. त्याला स्वतःला तिचं लग्न ठरल्याचं पत्रिका आल्यावर कळलं होतं. “पत्रांचं मी नाही सांगू शकत. त्यांनी तिकडे काय लिहिलं ते तिकडे आहे. तुझ्याकडे आहेत ती नुसती उत्तरं.”

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. एकेचाळीस उत्तरं. प्रश्न सगळे परदेशात.

संध्याकाळी ती घरात येरझाऱ्या घालत होती. पिल्लू खांद्यावर, पिल्लाला झोप येत नव्हती का तिलाच बसवत नव्हतं हे सांगणं कठीण. स्वयंपाकघरात तिची आई भांडी पुसून जागच्या जागी लावत होती. बाबा गेल्यापासून ती लेकीकडेच राहत होती. तिने आईला सगळं सांगितलं. आईने एक पातेलं पुसून झालेलं असूनही पुन्हा पुसलं.

“तुझ्या बाबांकडून कुणाची चौकशी ऐकायची अपेक्षा मी केव्हाच सोडली,” आई म्हणाली. “मी तापाने फणफणले होते तेव्हा दारातून विचारलं, ‘सदतीस की अडतीस?’ आणि आकडा ऐकून गेले कामाला. तू कशाला आता उकरून काढतेस?”

“मला शनिवारी बोलायचंय.”

“मग बोल की. माणूस गेल्यावर चांगलंच बोलतात.”

नवऱ्याचा सल्ला आणखी सोपा. लिहिलंय ते वाच, कोण पडताळायला बसलंय. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून पिल्लाचे कपडे घड्या करायला लागला. पत्रं लिहिणारे समोर असणार आणि हा म्हणतो कोण पडताळणार. तिने भाषण फाडलं नाही, पण उलटं करून टेबलावर ठेवलं, त्यावर पाण्याचा पेला ठेवला, आणि दुसरं काही लिहायला घेतलं की पहिल्या ओळीतच अडत राहिली. ‘माझे बाबा’ लिहायचं आणि खोडायचं. पेल्याचा गोल ओला डाग भाषणावर उमटला, तोही तिने तसाच राहू दिला.

शनिवारी चार वाजता पडद्यावर चौकोन उघडायला लागले. दादा विभागातल्या आपल्या खोलीत, कोट घालून. बाबांचे दोन-तीन विद्यार्थी. परदेशातल्या चौघांपैकी एकाला बाबा ‘उंच’ म्हणायचे. ते आता खुर्चीत बसूनही पडद्यात मावत नव्हते, कपाळ वरच्या कडेला कापलं जात होतं. दुसरे दोघं पूर्वी दोन देशांत होते, आता नवरा-बायको, एकाच चौकोनात खांद्याला खांदा लावून बसलेले. आणि शेवटी एक पांढऱ्या आखूड केसांच्या, सत्तरीच्या बाई, मागे पुस्तकांनी वाकलेलं कपाट. पाकीटवाल्या बाई. तिने त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण एकेचाळीसपैकी एकोणीस पत्रांखालची सही त्यांची होती. मंगळवारी दुपारचं पत्रही त्यांचंच.

ती टेबलापाशी बसली. आई शेजारच्या खुर्चीवर, पडद्याच्या बाहेर, मांडीवर पिल्लू. आईला इंग्रजी कळायचं, सावकाश बोललं तर. नवऱ्याला ती म्हणाली होती की माझं बोलणं शेवटी आहे, तोवर काहीतरी सुचेल. पाय मात्र टेबलाखाली सारखा हलत होता.

उंच बोलले. बाबांबरोबर एकदा त्यांनी बाळ अकरा दिवस उपाशी ठेवलं होतं आणि बाराव्या दिवशी ते झाकण उचलून बाहेर आलं होतं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. सगळे हसले. नवरा-बायकोंनी सांगितलं की त्यांच्याकडचं बाळ त्यांनी गोठवून पाहिलं, चिरून पाहिलं, दोनदा जमिनीवर सांडलं. तिच्या कानांना ते कसंसंच वाटत होतं. शेजारी आईच्या भुवया वर चढत चालल्या होत्या. “काय गं हे बोलतायत,” आई पुटपुटली, आणि तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग पाकीटवाल्या बाई बोलायला लागल्या. आवाज कोरडा, शब्द नेमके. मी खोटं गोड बोलणार नाही, त्या म्हणाल्या, त्यालाही ते आवडलं नसतं. आम्ही दोघांनी मिळून एक मोठा प्रयोग मांडला होता. एकाच जिवाचे दोन तुकडे, तीन वर्षं दोन देशांत वेगळे वाढलेले. ते समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखून एक होतात की परके म्हणून मागे सरतात? एकवीस दिवस, दर चार तासांनी मोजमाप, रात्रंदिवस. एकट्याचं कामच नव्हे. तो त्याचं पाकीट घेऊन आमच्याकडे आला. आठ दिवस उत्तम गेले. नवव्या दिवशी सकाळी त्याला घरून फोन आला आणि तो बॅग भरायला लागला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, बाल आजारी आहे.

बाई थांबल्या. उंच हसत होते, ही गोष्ट त्यांनी आधी ऐकलेली असावी.

“मी म्हटलं, तुझा विद्यार्थी आहे ना तिथे, तो बघेल. आणि मेलं तर मेलं, माझ्याकडून दुसरं घेऊन जा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले. एक शब्द न बोलता निघून गेला. बशीभर चिकट्यासाठी अर्धं जग ओलांडून गेला. मी एकटी तेराव्या दिवसापर्यंत जागले, मग टेबलावरच झोप लागली आणि मोजमाप तुटलं. वर्ष फुकट गेलं. माझी नेमणूक वाढवली नाही. दोन वर्षं मी एका गावात शाळा शिकवली. दोन वर्षं त्याला पत्र लिहिलं नाही. असा तो माणूस होता. त्याचं त्या जिवावर इतकं प्रेम होतं, आणि मला आता त्याचं हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.”

तिचा पाय थांबला. आधी नुसतं काहीतरी टोचलं, मग तिने आकडे जुळवायला सुरुवात केली, आणि तिचा आवाज बंद केलेला आहे हे विसरून ती बोलायला लागली. दादाने हाताने खूण केली. तिने बटण दाबलं.

“कोणतं वर्ष?” ती म्हणाली. “महिना कोणता?”

बाईंनी वर्ष सांगितलं. महिना मार्च. तारीखही सांगितली, वर्ष फुकट गेलेल्या माणसाला तारीख पाठ असते.

ती तेव्हा सहा वर्षांची होती. न्यूमोनिया. अकरा दिवस दवाखान्यात, खिडकीजवळची खाट, नाकाशी नळी. तिला त्यातलं आठवत होतं ते तुटक तुटक. ती काही म्हणणार तोच दादाच्या चौकोनाभोवती हिरवी रेघ उमटली. तो खाली बघून बोलत होता.

“त्या मार्चमध्ये ते माझ्याकडे होतं,” दादा इंग्रजीत म्हणाला. “रोज सकाळी नऊला मीच खायला घालत होतो. ठणठणीत होतं. सर अचानक परतले असं नंतर कळलं, पण आठवडाभर ते विभागात फिरकलेच नाहीत. मला वाटलं प्रवासाने थकले असतील.”

मग तिने त्यांना सांगितलं की ते लघुरूप नाही. तो शब्द आहे. आमच्याकडे तान्ह्या मुलाला म्हणतात, आणि आईबाप मोठ्या मुलांनाही म्हणतात, विशेषतः मूल आजारी असलं की. शेवटचं अक्षर तुमच्या जिभेवर नाही. तिने तो शब्द म्हणून दाखवला. नवरा-बायकोंच्या चौकोनात बायकोने तोंडावर हात ठेवला. उंच म्हणाले, देवा, आम्ही त्याच्याबद्दल काय काय छापलंय.

पण ती बाईंकडे बघत होती. बाई पडद्याच्या फार जवळ आल्या होत्या.

शेजारून आई एकदम आपल्या भाषेत बोलली, कुणाला उद्देशून नव्हे, आणि आवाज चालू होता. “मला म्हणाले, तिकडचं काम लवकर आटपलं. म्हणून आलो.” आईने पिल्लाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “बॅग घेऊन विमानतळावरून थेट दवाखान्यात. मी चिडलेलेच होते, म्हटलं, काम उरकलं म्हणून सवड झाली वाटतं लेकीची. काही बोलले नाहीत. दर चार तासांनी ताप बघायचे आणि वहीत लिहायचे. नर्स वैतागली होती.”

“फोन कुणी केला होता?”

“मीच. दुसरं कोण करणार? म्हटलं, पोरीला दवाखान्यात घातलंय, तुम्हाला नुसतं कळवतेय, यायची गरज नाही. रागानेच म्हटलं होतं.” मग जे तिच्या मनात सत्तावीस वर्षं नुसतं पडून होतं ते सहज तोंडातून गेलं. “नंतर एकदा म्हणाले होते, ती बाई हुशार आहे, पण तिला काळीज नाही. मी म्हटलं, कोण? तर काही बोलले नाहीत.”

“आई काय म्हणतायत?” बाईंनी विचारलं. त्यांना ओळखू आलं होतं की आपल्याबद्दल आहे.

दादाला दोन्ही भाषा कळत होत्या. त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला, म्हणजे हे सांगायचं काम तो करणार नव्हता. तिला वाटलं, सोडून द्यावं. म्हातारी बाई, माणूस गेलेला. काहीतरी बरं सांगावं, आई म्हणतेय, बाबा तुमची आठवण काढायचे. जीभ त्या शब्दांपर्यंत आली सुद्धा. पण तिच्यासमोर उलटं पडलेलं भाषण होतं. अर्धंच ऐकून रचलेलं. या घरात आणि त्या चार घरांत अर्धंच ऐकून इतकी वर्षं गेली होती.

तिने सगळं सांगितलं. काम आटपल्याचं खोटं, वही, नर्स. आणि मग तेही. बाबांनी तुम्हाला सांगितलं की माझं मूल आजारी आहे. तुम्ही म्हणालात, मेलं तर मेलं, दुसरं घे. ते तुम्हाला काळीज नसलेली बाई समजत होते.

बाईंनी डोळे मिटले. किती वेळ, ते तिला मोजता आलं नाही. एरवी ती पिल्लाचे श्वाससुद्धा मोजायची.

“दोन वर्षांनी पाकीट त्यानेच पाठवलं,” बाई शेवटी म्हणाल्या. “आत पत्र नव्हतं. नुसता कागद, त्यावर खपली. मी समजत होते तो माफी मागतोय.” त्या हसल्या की काय ते कळलं नाही, कारण त्यांनी चेहरा बाजूला केला होता. “तो तर मला माफ करत होता.”

उंचांनी घसा खाकरला. दादाने चष्मा लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. यादीप्रमाणे आता तिची दहा मिनिटं होती. तो तसं म्हणणार, एवढ्यात बाई पुन्हा पडद्याजवळ आल्या आणि त्यांनी तिला नाव घेऊन हाक मारली. नाव त्यांना बैठकीच्या आमंत्रणावरून कळलं असणार, कारण उच्चारताना त्या खाली वाचत होत्या.

“तू,” त्या म्हणाल्या. “तुला झालं काय होतं? नीट बरी झालीस का? छातीत काही राहिलं नाही ना मागे?”

“न्यूमोनिया,” ती म्हणाली. “उजवीकडे. बरी झाले.” एवढ्यावर थांबायचं होतं, पण तिला थांबता येईना. ती सांगत सुटली. ताप किती चढला होता, नळी कितव्या दिवशी काढली, सुया कोणत्या हाताला टोचल्या आणि तो हात कसा सुजला होता, अजूनही थंडीत खोकला येतो, जिना चढताना धाप लागते पण तेवढी सगळ्यांनाच लागते. आईने कोपराने ढोसलं, “धूळ सहन होत नाही, ते सांग.” तिने तेही सांगितलं. बाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, आणि मध्येच त्यांनी कागद ओढून काहीतरी लिहायला घेतलं, आणि विचारलं की ताप नेमका कितव्या दिवशी उतरला. तिला आठवत नव्हतं. तिने आईला विचारलं. आईलाही नक्की आठवेना. सहाव्या, नाही, सातव्या, थांब, वही कुठेतरी असेल त्यांची, असं म्हणत आई पिल्लासकट उठली आणि आतल्या खोलीत बाबांच्या सामानाचं कपाट उघडल्याचा आवाज आला. पडद्यावरची सगळी माणसं थांबून राहिली होती. दादाने यादी बाजूला सारली होती.